डोंग्याचं लाकूड

तोंडेकसा, ११ एप्रिल १९५८

मंजुरी आली. जनपदाच्या कचेरीतून एखादी गोष्ट वेळेत येते हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. नदी ओलांडायचा डोंगा कोरण्यासाठी सरकारी डेपोतून एक लाकूड घ्यायचं, आणि ते 'नर्सबाईंनी स्वतः पसंत करावे'. नर्सबाईंना लाकडातलं ओ की ठो कळत नाही, हे कचेरीला कोण सांगणार? गोंडपिपरीला माझ्या माहेरी लाकूड म्हणजे चुलीपुढची ढलपी, आणि दाराची चौकट म्हणजे सुताराची कटकट. त्यापलीकडे माझी मजल नाही.

पण लाकूड मीच आणणार. नदीपलीकडच्या माडियांच्या गुर्जागुड्याला पावसाळ्यात डोंग्याशिवाय वाट नाही. मागच्या श्रावणात जुना आंब्याचा डोंगा धारेत चिरला आणि मी पिशवी घेऊन या काठावर उभी राहिले. पलीकडे सोमारी बाळंत होऊन पडली होती. वार अडकलेली, रक्त थांबेना. तिचा भाऊ चैतू त्या काठावरून ओरडून सांगत होता, मी इथून ओरडून सांगत होते, पाण्याच्या आवाजात कोणालाच काही ऐकू जात नव्हतं. माझ्या हातचं काम होतं ते. संध्याकाळी चैतूनं ओरडणं थांबवलं तेव्हा मला कळलं.

आता चैतूची बायको बुधरी पोटुशी आहे. आषाढात दिवस भरतील. या वेळी मी त्या काठावर असणार. बुधरीला तसं सांगितलं आहे, तिच्या सासूला सांगितलं आहे, आणि इथंही लिहून ठेवते.

१४ एप्रिल

नदी सध्या गुडघाभर आहे. चालत गुर्जागुड्याला गेले. या भागातले सगळे डोंगे चैतूच्या हातचे, तेव्हा लाकूड कोणतं आणू हे त्यालाच विचारणं शहाणपणाचं. तो अंगणात लाकूड तासायच्या वासल्याला धार लावत होता. बोलणं त्याचं मोजकं.

"सावर आण. हलकी रायते. दोन पाऊस जाते, मंग सडते."

"अजून?"

"आंबा चालते. कहू भेटला त बरा. बिजा भेटला त लयच बरा."

"आणि साग?"

"साग तुले कोण देते, बाई? साग साहेबाच्या बंगल्याले जाते." एवढं बोलून तो हसला. त्याची आई सुकरीही हसली. सोमारी गेल्यापासून या घरात हसताना मी दोघांना पाहिलं नव्हतं.

सावर, आंबा, कहू, बिजा. घरी येईपर्यंत देवाच्या नावासारखं घोकत आले.

१९ एप्रिल

गुणवंतराव डोळ्यांत औषध घालून घ्यायला आले होते. जन्म डेपोत लाकडं मोजण्यात गेला, आता पेन्शन खातात. मी म्हटलं, डोळे नीट करते, पण मला लाकूड शिकवा. म्हातारा इतका खूष झाला की डोळे पुसायचंही विसरला. पाव्हण्यांना नातवाचं कौतुक सांगावं तसं त्यांनी लाकडाचं सांगितलं.

पहिला धडा असा की डेपोत झाड मिळत नाही. "तिथी साल काढून ठेवते, बाई. साल निघाली का सगळे भाऊ-भाऊ दिसते. पान नाई, फूल नाई. तिथी फक्त माप रायते." मग मापाचे प्रकार. घराच्या कुंपणाला लागते ती बारीक गोल बल्ली. चिरून चौकोनी केली की जाड ती तुळई, मध्यम ती कडी, चपटी ती फळी. पण डोंग्याला यातलं काहीच नको, डोंग्याला अख्खं गोल लाकूड हवं. त्याची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची, आणि जाडी मोजायची ती बरोबर मधोमध, फीत गुंडाळून. तिला गोलाई म्हणायचं. बुडखा नेहमी जाड असतो, बुडख्याशी मोजून देणारा फसवतो. बँडेजची पट्टी घेऊन आम्ही दोघांनी दवाखान्याचा खांब मोजला. ओसरीवरची रोगी मंडळी बघत होती. नर्सबाईंचं डोकं फिरलं असं गावात एव्हाना झालं असेल.

डोंग्याला लांबी सोळा फूट तरी, गोलाई सात फुटांच्या खाली नको. टोकाला चीर किती आत गेली ते पाहायचं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकायचं, पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. पीळ असलेलं लाकूड कोरताना फाटतं.

चैतूची चार नावं मी सांगितली. गुणवंतराव म्हणाले, "बराबर आहे. पण ऐन काऊन सोडला? पाण्यात ऐनासारखा टिकाऊ कोण आहे? जड रायते, पण वीस पाऊस हलत नाई." मी यादीत ऐन घातला. सगळं आयुष्य ऐनाच्या जंगलात काढून चैतूला ऐन आठवू नये, कमाल आहे. मोठे कारागीर असे नेमकं घरातलं विसरतात.

२ मे

डेपोतून परतले. आलापल्लीच्या वाटेवर बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण जीव सुपाएवढा झाला आहे. आज मला कोणी नर्सबाई म्हणून ओळखलं नाही, गिऱ्हाईक म्हणून ओळखलं.

मैलभर लाकडंच लाकडं. प्रत्येकाच्या टोकावर हातोड्याचा शिक्का, अंगावर डांबरानं आकडा. पहिल्यांदा छाती दडपली. सगळी उघडी, करडी, एकसारखी, जशी इस्पितळात सगळी माणसं एकाच चादरीखाली एकसारखी दिसतात. मग मी पिशवीतून फीत काढली आणि धीर आला. सावर होती, पण टोकाला आताच निळी बुरशी. कहू वाकडा. बिजा पाहिला, रंग असा सुरेख की हात फिरवावासा वाटला, पण ठोकला आणि आवाज बद्द. तिथला कारकून म्हणाला, वरून तर चांगला आहे. मी म्हटलं, आतून पोकळ आहे, तुम्हीच ठोकून पाहा. त्यानं ठोकलं आणि माझ्याकडे नव्यानं पाहिलं. मला तेवढ्यासाठी दोन दिवसांचा प्रवास वसूल वाटला, खोटं कशाला बोलू.

शेवटी ऐन मिळाला. अठरा फूट, मधोमध सात फुटांहून जास्त, सरळसोट, टोकाला केसाएवढी चीर. गेल्या वर्षीचा, वाळलेला. दुसरं काही त्याच्या जवळपासही येत नव्हतं. मी त्यावर तळहात ठेवून उभी राहिले आणि मला सोमारी आठवली. तिला म्हटलं, या वेळी होईल बघ.

११ मे

लाकूड आलं. चार बैल लागले. गावातली अर्धी माणसं नदीवर जमली होती. मी पलीकडे निरोप धाडला होता, चैतू आणि सुकरी आले. मी मिरवतच पुढे झाले. म्हटलं, "ऐन आणला, चैतू. तुझ्या यादीत नव्हता, पण वीस पावसाळे टिकेल."

चैतू जरा दूरच उभा राहिला. म्हणाला, "मोठा आहे." मग आईकडे पाहिलं.  मला वाटलं होतं की तो हात फिरवून पाहील, ठोकून पाहील, निदान चांगलं निवडलं म्हणेल. कारागिरांचा अहंकार असतो, आपण न सांगितलेलं लाकूड त्यांना पसंत पडत नाही. परत जाताना सुकरीच्या पदरातून ओंजळभर मोहफुलं लाकडापाशी सांडली. मी उचलायला वाकले तर म्हणाली, "राहू दे, बाई."

१५ मे

चैतू कोरणार नाही. उजव्या हाताला चिंधी बांधून आला. वासला लागला म्हणे. मी सोडून दाखव म्हटलं तर हात मागे घेतला. "माझं औषध लावलं," म्हणाला. चिंधीवर रक्ताचा ठिपकाही नव्हता. ऐन कापायला कठीण पडतो, अंगमेहनत नको असेल. राग आला, पण गिळला. या घराशी मला भांडायचं नाही.

गुणवंतरावांनी नदीच्या खालच्या अंगाच्या इतवारी ढिवराला निरोप पाठवला आहे.

२२ मे

इतवारी आला आणि कामाला भिडला. बोलका माणूस आहे. लाकडाभोवती एक फेरी मारून त्यानं विचारलं, "चैतूनं पाह्यलं का हे?"

"पाहिलं की."

"काई बोलला?"

"मोठा आहे म्हणाला."

इतवारीनं कान खाजवला. "मंग मी कोण बोलणारा," म्हणाला आणि वासला उचलला. दोघांत काही धंद्याची चुरस असावी. मी त्यात पडले नाही.

७ जून

डोंगा पाण्यात उतरला. कोरल्यावर आत काजळीसारखा काळपट तपकिरी गाभा निघाला, तेल लावून चकाकतो आहे. दवाखान्यातला मुखरू बांबू मारून डोंगा हाकायला शिकला आहे, पावसाळ्यात तोच मला नेणार. गावातली सगळी एकेक करून बसून आली. गुणवंतरावसुद्धा धोतर खोचून बसले आणि मधोमध जाऊन गोलाई बरोबर होती म्हणाले.

गुर्जागुड्याचे मात्र बसले नाहीत. सुकरीला म्हटलं, चल, तुला घरी पोचवते. ती म्हणाली डोकं गरगरते. आयुष्य नदीकाठी काढलेल्या बाईचं डोकं गरगरतं! चैतू तर काठाला लावायला मदत करतानाही डोंग्याला हात न लावता दोरी धरून पाण्यातून चालत होता. त्याचा चुलतभाऊ तसाच. मी शेवटी बोललेच. म्हटलं, "ज्यांच्यासाठी हा आटापिटा केला तेच पाय ठेवत नाहीत. एवढं काय वाईट आहे माझ्या लाकडात?"

चैतू खाली पाहून म्हणाला, "लाकूड वाईट नाई, बाई."

बुधरी काठावर पोट धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहून हसली, पण डोळे हसत नव्हते. भीती वाटते आहे पोरीला, पहिलटकरणीला वाटणारच. तिला म्हटलं, पाऊस लागायच्या आधी या काठाला माझ्याकडे येऊन राहा. सुकरीनं नको म्हणून मान हलवली. बाळंतपण त्यांच्या गुड्यातल्या वेगळ्या खोपीतच होतं, दुसऱ्याच्या घरात नाही. ठीक आहे, नाहीतरी डोंगा त्यासाठीच आहे. मी येईन.

तरीही घरी आल्यावर वाईट वाटलं. कौतुकासाठी केलं नव्हतं मी. थोडं कौतुकासाठीही केलं होतं.

९ जुलै

नदी दोन्ही काठ सोडून शेतांत आली आहे. सूरजागडाकडचे डोंगर दिसत नाहीत. मुखरू कालपासून हिवतापानं फणफणला आहे, क्विनाइन देते आहे. दुसरं कोणी बांबू धरायला तयार नाही. बुधरीचे अजून दहाएक दिवस असावेत. तेवढ्यात मुखरू उठेल. उठायलाच हवा.

१२ जुलै, गुर्जागुडा

परवा काय झालं ते आज लिहिते आहे. वही पिशवीत होती म्हणून बरं.

परवा दुपारी चैतू दोन भोपळे बगलेत बांधून पूर पोहून आला. ओसरीवर चढला तेव्हा अंगाला झाडाझुडपांचे ओरखडे, ओठ पांढरे. म्हणाला, "बाई, बुधरीले कालपासून होऊन राह्यलं. पाय दिसते. डोकं नाई."

पायाळू. मी पिशवी उचलली आणि आम्ही धावत नदीवर गेलो. डोंगा मोहाच्या झाडाला बांधलेला होता. मी आत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि मागं पाहिलं तर चैतू काठावर उभाच. बांबू त्याच्या हातात, पाय चिखलात.

मी ओरडले, "चढ ना! काय पाहतोस?"

तो मला नाही, डोंग्याला पाहत होता. मग वाकला, डोंग्याच्या कडेला कपाळ टेकवलं आणि त्याच्या बोलीत काहीतरी हळू बोलला. फार नाही, दोन-चार शब्द. मी परत ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. तो आत चढला. पाय ठेवताना त्यानं डोळे मिटले होते.

त्यानंतर त्यानं असा डोंगा नेला की मी तसा पाहिला नाही. धारेच्या वर वर चढवत नेऊन तिरका सोडला, वाहून आलेलं आख्खं झाड बांबूनं बाजूला लोटलं. डोंगा जड होता म्हणूनच तरला. ते मी तेव्हाही मनात म्हटलं.

बाळाचं अंग नुकतंच आलं होतं, डोकं अडकलं होतं. मी गेले तेव्हा बुधरीच्या घशात आवाज उरला नव्हता. सुकरीनं तिला मागून धरलं, मी बाळाला हातावर घेतलं, आणि झालं. मुलगी. बराच वेळ रडली नाही, मग रडली. वार पूर्ण पडली, मी दोनदा तपासली. सुकरी माझ्या खांद्याला डोकं लावून सोमारीचं नाव घेत राहिली. मीही रडले, पोटभर रडले.

चैतूला आनंदाची बातमी द्यायला खोपीबाहेर गेले. तो अंगणात नव्हता, घरात नव्हता. गुड्याबाहेर वाटेच्या कडेला भिजत बसला होता. म्हटलं, पोरगी झाली, दोघी ठीक आहेत, खोपीत जाता येत नसलं तरी लांबून बघ. तो हसला. उठला नाही. थोड्या वेळानं सुकरीनं पानावर भात आणून त्याच्यापासून हातभर दूर ठेवला आणि मागं सरली. आपल्या मुलाला ती शिवली नाही.

मी विचारलं, हे काय?

सुकरी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आमच्या घराण्याचा पेन येनात रायते, बाई. आमचा देव. आमी येन तोडत नाई. त्याले वासला लावत नाई, त्याच्यावर पाय ठेवत नाई. चैतूनं ठेवला."

ऐन. मी फीत लावून निवडलेला, ठोकून पाहिलेला. चैतूच्या यादीत नव्हता तो विसरला म्हणून नव्हे. ज्याचं नाव लाकूड म्हणून घ्यायचंच नाही ते त्यानं घेतलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "त्या दिवशी का नाही बोललात? परत नेलं असतं मी."

सुकरी म्हणाली, "तू सोमारीसाठी आणलं होतं. एवढ्या दुरून, एवढ्या खुशीत. तुले कसं सांगाव?"

 दोन महिने मी या माणसांना आळशी म्हटलं, अहंकारी म्हटलं, भित्री म्हटलं. आणि ती माझं मन राखत होती.

१३ जुलै

चैतूचं काय होणार ते विचारलं. पीक घरात आल्यावर घराण्याचे जाणते बसतील, देवाला द्यायचं ते देतील, मग तो घरात येईल. तोवर चुलीपाशी नाही, आईच्या हाताशी नाही, मुलीला उचलून घ्यायचं नाही. पीक येईल मार्गशीर्षात.

मी म्हटलं, मी जाणत्यांशी बोलते, चूक माझी आहे, त्यांनी मला दंड करावा. सुकरी म्हणाली, "तुह्या पायाले काय लागते, बाई? तो तुहा देव नाई." मग म्हणाली, "हा झगडा नाई. चैतूनं इचारून पाय ठेवला. पेन आयकते." तिला याची खात्री आहे. माझ्यापाशी अशी कसलीच खात्री नाही.

ठरवलं, पाणी उतरेपर्यंत इथंच राहायचं. त्याला पुन्हा त्या डोंग्यात चढायला लावणार नाही. मुखरूचा ताप, दवाखाना, राहू दे सगळं.

१४ जुलै

सकाळी मीच वाटेच्या कडेला गेले. चैतूनं पानांची छपरी घातली आहे. मी हात जोडले. आमच्याकडे नर्सबाया माडियांपुढे हात जोडत नाहीत, पण मी जोडले आणि म्हटलं, माझं चुकलं. मी पाणी उतरल्यावर चालत जाईन.

तो म्हणाला, "पाणी पोळ्यापर्यंत नाई उतरत."

"मग पोळ्यापर्यंत राहीन."

"तिकडे तुह्ये रोगी आहे." मग तो बोलतच राहिला. एवढं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. "इथी अजून दोघी पोटाशी आहे. माह्या काकाच्या सुना. मुखरूच्या हातानं हे धार नाई कटत. त्याइच्या घरचा माणूस मंग तुले आणाले जाईन. त्याले बी पाय ठेवा लागन. त्याच्यापेक्षा माहा पाय ठेवून झाला. पाऊसभर मीच नेतो, मीच आणतो. देवाले एकाच माणसाचं सांगू."

मी म्हटलं, आधीच पूर्ण पावसाळा, पूर्ण हंगाम तुला मुलीला घेता येणार नाही. त्यात दर खेपेला तू पुन्हा पाय ठेवशील.

"घेईन ना," तो म्हणाला. "मार्गशीर्षात ते मोठी झाली रायते."

मी नको नको म्हणत राहिले. तो बांबू घेऊन नदीकडे चालायला लागला. पलीकडे माझा मुखरू तापानं पडलेला, आणि पुढे हा. मी पिशवी घेऊन त्याच्या मागे गेले. दुसरं काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आज त्यानं डोळे मिटले नाहीत. कपाळ टेकवलं, बोलला, चढला. मी बसताना पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. त्यानं ते पाहिलं.

डोंगा काठापासून सुटला तेव्हा सुकरीनं बुधरीला हाताला धरून काठाकडच्या खोपीच्या दारात आणलं. बुधरीला उभं राहवत नव्हतं. तिनं लुगड्याचा पदर बाजूला करून मुलीचं तोंड आमच्याकडे केलं. चैतूनं बांबू तळाला टेकवून धरला, धारेत डोंगा थरथरत होता तरी धरून ठेवला, आणि पाहत राहिला. मी घाई केली नाही.

मग त्यानं बांबू उचलला आणि मला माझ्या काठाला आणून सोडलं.